‘वाट’ नावाचा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार

आला एकदाचा तक्ता. दोनशे बारा नमुने, दोन वर्षांची मेहनत, आणि हा अवतार! तारखा तीन पद्धतींनी लिहिलेल्या. “पुरुष” कुठे “पु”, कुठे “पुरूष”, आणि एका ठिकाणी नुसतंच “हो”. स्त्री की पुरुष — तर हो. धन्य आहे.

तक्ता पाठवणारे म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. मी त्यांना मनातल्या मनात थर्मॉस म्हणते, कारण माणूस दिसायच्या आधी काखेतला थर्मॉस दिसतो. तीस वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळतायत. सगळं आधी एका लांबट वहीत निळ्या शाईने लिहितात आणि मग एका बोटाने संगणकात चढवतात. मी एकदा विचारलं होतं, थेट संगणकातच का नाही लिहीत? तर म्हणाले, “वही बंद पडत नाही, मॅडम.” असल्या लोकांच्या खांद्यावर आधुनिक विज्ञान उभं आहे.

आणि उगीचचे रकाने किती! “शेरा”. “टोपणाचा रंग”. “कोणी आणली”. एकाचं नाव तर नुसतंच “वाट”. खाली आकडे — १५, २०, २१०, १८५, २५. वाट म्हणजे काय? नळी कुठल्या जिन्याने आली ते? की कुणाची किती वाट लागली ते? शेजारच्या टेबलावरच्या जीवशास्त्रवाल्या बाईंना दाखवलं, त्याही खूप हसल्या. फोन करून विचारणार होते, पण थर्मॉसना एक प्रश्न विचारला की पाऊण तास जातो.

उडवला. एकूण सहा रकाने उडवले. आता कसा तक्ता अंघोळ घातल्यासारखा दिसतोय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांना रुग्णालयाच्या समितीसाठी “कुणालाही समजेल असा” परिच्छेद हवा. कुणालाही म्हणजे साहेबांना. लिहून दिला —

दुसऱ्याची किडनी बसवलेल्या माणसाचं शरीर कधीकधी ती परकी म्हणून नाकारायला लागतं. आज ते खात्रीने ओळखायचा मार्ग एकच: पोटातून सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढायचा आणि तपासायचा. म्हणजे बायोप्सी. आम्ही म्हणतो, नुसत्या रक्तावरून ओळखू. रक्तातल्या पेशींमध्ये कुठली जनुकं जोरात कामाला लागलीत आणि कुठली गप्प आहेत हे मोजायचं, वीस हजारांतून कामाची तीस-चाळीस निवडायची, आणि त्यांवरून गणिताने सांगायचं की नकार सुरू झालाय की नाही.

साहेबांनी वाचलं. मग म्हणाले, “छान आहे. यात कुठेतरी कृत्रिम बुद्धिमत्ता घाला ना.” घातली. कृत्रिम का होईना, त्या खोलीत कुठेतरी बुद्धिमत्ता असू दे.

यातलं एक साहेबांना माहीत नाही, आणि सांगणारही नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या दादाला किडनी बसवली. वहिनीची. मला या कामात रस का, असं मुलाखतीत विचारलं होतं तेव्हा मी “गणिती आव्हान” असं काहीतरी बोलले होते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चौऱ्याण्णव!

म्हणजे असं, की एक नकार सुरू झालेला आणि एक ठणठणीत असे दोन रुग्ण शेजारी उभे केले, तर शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा माझं मॉडेल बरोबर बोट दाखवतं. अडतीस जनुकांवर. तक्त्याचे दहा भाग करून, नऊ भागांवर मॉडेलला शिकवून दहाव्यावर तपासलं. पुन्हा केलं. पन्नास वेळा केलं. हलत नाही.

दोन वर्षं या लोकांच्या चुका निस्तरल्या त्याचं चीज झालं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जीवशास्त्रवाल्या बाईंना अडतीस जनुकांची यादी दिली. त्यांना मी गोष्टबाई म्हणते. यादी कसलीही द्या, पंधरा मिनिटांत त्यांच्याकडे गोष्ट तयार. “अगं, ही बघ, ही सगळी ताणाची जनुकं. पेशीला प्राणवायू कमी पडला, ती घुसमटली, की हीच ओरडतात. शरीर किडनी नाकारतंय म्हणजे ताण आलाच. किती सुंदर जुळतंय बघ!”

गंमत म्हणून मी संगणकाला डोळे मिटून कुठलीही अडतीस निवडायला सांगितली आणि तीही यादी दिली. तिचीही गोष्ट निघाली. त्यात यकृत होतं.

गणित येत नसलं की माणसाला गोष्टी सुचतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दादाचं क्रिएटिनिन चढलंय, म्हणजे किडनी रक्त नीट गाळत नाहीये. सहा वर्षं एक पूर्णांक चारवर होतं, आज एक आठ. किडनीवाले डॉक्टर म्हणाले, बायोप्सी करू.

संध्याकाळी गेले होते. दादा दुकानातच होता, चष्म्यांच्या गराड्यात, एका म्हातारीच्या फ्रेमचा स्क्रू बसवत. राईएवढा स्क्रू, पण एका झटक्यात बसवतो. म्हातारी गेल्यावर म्हणाला, “पुन्हा ती वाळूची पिशवी गं.” मागच्या बायोप्सीला रक्त थांबेना, म्हणून पोटावर वाळूची पिशवी ठेवून आठ तास उताणं झोपवलं होतं. एवढा आडदांड माणूस, त्या आठ तासांबद्दल बोलताना पायाकडे बघतो.

वहिनी शाळेतून थेट दुकानात आली होती. भूगोल शिकवते. दादा म्हणाला, “हिचीच किडनी आहे, माझं कशी ऐकेल?” हा विनोद सहा वर्षं चालू आहे. वहिनी सहा वर्षं हसते. आज नाही हसली.

मग त्याने विचारलं, “तुझं ते यंत्र काय म्हणतं?”

यंत्र नाही, मॉडेल. किती वेळा सांगितलं. पण विचारलं तर खरं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दादाचा नमुना घेतला. डॉक्टरांच्या ओपीडीत त्याची नेहमीची तपासणी होती, तिथल्याच नर्सकडून एक जास्तीची नळी भरून घेतली. जांभळं टोपण. दादा म्हणाला, “माझ्या बहिणीला एक सुटी नळी द्या, वाण्याकडून आणल्यासारखी.”

लिफ्ट नेहमीप्रमाणे चौथ्या मजल्यावर रुसून बसलेली. मी जिन्याने धावत सुटले. या वयात, या चपला घालून! मधल्या ओट्यावर दोन डॉक्टर गप्पा ठोकत उभे होते, त्यांना ढकलूनच गेले. नळी मुठीत, अजून कोमट. थर्मॉसच्या हातात दिली तेव्हा मला धाप लागली होती.

त्यांनी घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं, आणि म्हणाले, “नऊ मिनिटं. एवढ्या लवकर कुणीच आणत नाही, मॅडम.” कौतुकच करत होते बहुतेक. मग काहीतरी अजून सांगायला लागले, वॉर्डातल्या नळ्यांबद्दल. मी म्हटलं, नंतर. नंतर म्हणजे कधीच नाही, हे त्यांनाही एव्हाना कळलं असेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सहा टक्के. दादाच्या शरीरात नकार सुरू असण्याची शक्यता, फक्त सहा.

फोन केला. दादा एकदम मोकळं हसला. मी डॉक्टरांनाही गाठलं. ते म्हणाले, “तुमचं मॉडेल अजून अभ्यासात आहे. मी रुग्ण बघतो, टक्के नाही.” मग कसली पदवी घेतलीत, असं अगदी ओठांवर आलं होतं. अंदाजपंचे सुया खुपसायच्या आणि त्याला अनुभव म्हणायचं. अंगठ्याने ताप बघणारी माणसं ही!

दादाला स्पष्ट सांगितलं — बायोप्सीची गरज नाही. पाणी भरपूर पी, पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपास. वहिनी मागून म्हणाली, “पण वन्सं, डॉक्टर तर म्हणत होते…” मी म्हटलं, वहिनी, भूगोल तू बघ, हे मी बघते.

३ मार्च, सोमवार

दादाचा फोन बंद. वहिनीचा लागला: दोघं दोन-तीन दिवस तिच्या बहिणीकडे गेलेत. बरंय. डोक्यावरचं ओझं उतरलं की माणसाला पाहुणचार सुचतो.

१२ मार्च, बुधवार

साहेबांचं सादरीकरण. सत्तावन्न पानं, त्यातल्या चाळीसांवर किडनीचं तेच चित्र, वेगवेगळ्या रंगांत. माझा चौऱ्याण्णव त्यांनी “जवळजवळ शंभर” असा सांगितला. समितीतले एक गृहस्थ पूर्ण वेळ झोपले होते, तेच शेवटी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते.

ठरलं: दुसऱ्या एका रुग्णालयाचे नमुने घेऊन एकदा तपासायचं, आणि एक मेपासून मॉडेल ओपीडीत वापरायला सुरुवात. टक्के कमी आले त्याला बायोप्सीला पाठवायचंच नाही. किती माणसांच्या पोटावरची वाळूची पिशवी वाचेल! दादाला सांगायला हवं, सुरुवात तुझ्यापासून झाली म्हणून.

२३ मार्च, रविवार

दादाकडे जेवायला. क्रिएटिनिन पुन्हा एक चार! कागद मी स्वतः बघितला.

“बघ,” म्हटलं, “उगीच पोटात सुई खुपसून घेतली असतीस.” दादा म्हणाला, “हो ना.” वहिनी म्हणाली, “उतरलं खरं, वन्सं,” आणि पाणी आणायला आत गेली. माणसाने चूक निघाल्यावर निदान मोकळेपणाने कबूल तरी करावं. नाही. आत जायचं आणि भांडी वाजवायची.

दादा मात्र सुटलाय. तोंड भोपळ्यासारखं गोल झालंय. सारखं खातो. जेवण झाल्यावर तासाभरात पुन्हा डबे उघडत होता. मी बोलले, आधीच तुझी तब्येत ही अशी, आणि वर हा खादाडपणा? हसला नुसता. माझ्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, ती नीट करायला घेतली तर स्क्रू दोनदा खाली पडला. हात थरथरतो. म्हणाला, वय झालं. बावन्नाव्या वर्षी कसलं वय? आळस. दुकानात बसून बसून माणूस बिघडतो.

८ एप्रिल, मंगळवार

दुसऱ्या रुग्णालयाचे साठ नमुने आले. तक्ता स्वच्छ. तारखा एका पद्धतीच्या. असे लोक असतात म्हणजे जगात.

१५ एप्रिल, मंगळवार

त्रेपन्न.

त्रेपन्न म्हणजे नाणं उडवल्यासारखं. पुन्हा चालवलं. त्रेपन्न. जनुकांची नावं उलटसुलट झालीत का बघितलं, नाहीत. मोजमापाचं एकक बघितलं, तेच. त्यांच्याकडे सगळ्याच रुग्णांचे टक्के कमी येतायत, नकारवाल्यांचेही. मॉडेलच्या मते त्या रुग्णालयात कुणालाच काही झालेलं नाही.

माझं मत: त्यांचे रोगी चुकीचे आहेत. किंवा त्यांचं निदान. बायोप्सी वाचणारा माणूस भाड्याने आणलेला असेल. गोष्टबाई म्हणाल्या, “तिकडच्या लोकांचा आहार वेगळा असेल.” यांच्याकडे त्याचीही गोष्ट आहे.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, “ते साठ नमुने फार थोडे नाहीत का?” आपले दोनशे बारा पुरेसे, आणि त्यांचे साठ थोडे. साहेबांना एवढंच गणित येतं, आणि नेमकं हेच येतं.

२२ एप्रिल, मंगळवार

शेवटी थर्मॉसना गाठलं. मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं: तिकडचे लोक नळ्या नीट हाताळत नाहीत. ते तिथे महिनाभर शिकवायला जाऊन आलेत.

“उलट आहे, मॅडम,” म्हणाले. “तिथे वॉर्डाला लागूनच प्रयोगशाळा. नळी भरली की दहा-पंधरा मिनिटांत कामाला. तिथे वाट नसते.”

“काय नसते?”

“वाट. रकाना होता ना, तुमच्या तक्त्यात.”

मग त्यांनी सांगितलं. वाट म्हणजे नळीने बघितलेली वाट. रक्त काढल्यापासून त्यांनी हात लावेपर्यंत नळी किती मिनिटं तशीच पडून होती, ते. ही नळी साधी आहे, रक्ताला आहे तसं धरून ठेवणारी नाही. रक्त तिच्यात जिवंतच असतं. “झाकून ठेवल्यावर आतल्या आत घुसमटतं, मॅडम. जनुकं बदलतात. शेऱ्यातही तीनदा लिहिलं होतं मी.”

शेरा. तोही मीच उडवला होता.

मी विचारलं, सगळ्या नळ्या सारख्याच थांबत असतील ना? ते म्हणाले, “नाही. ओपीडीतली माणसं दहा वाजता येतात, मी समोरच असतो. वीस मिनिटं. वॉर्डातल्यांचं रक्त नर्स सकाळी सहालाच काढून ठेवते. मी येतो साडेनऊला.”

वॉर्डात कोण असतं? ज्यांना नकार सुरू झालाय ते. म्हणूनच दाखल केलेले असतात.

थँक यूसुद्धा न म्हणता उठून आले.

२३ एप्रिल, बुधवार

मूळ तक्ता काढला. उडवलेला रकाना परत लावला. एक चित्र काढलं — आडवी वाट, उभे माझे टक्के.

सरळ रेघ. इतकी सरळ रेघ या कामात मी कधी बघितली नाही. तीन तास थांबलेली नळी, नव्वद टक्के. वीस मिनिटं थांबलेली, पाच. रुग्ण कोण आहे, त्याला काय झालंय, याच्याशी काडीचा संबंध नाही. वॉर्डात दाखल झालेले पण बायोप्सीत ठणठणीत निघालेले नऊ जण होते. नऊच्या नऊ माझ्या मॉडेलने नकारात टाकलेत. मी त्यांना “किरकोळ चुका” म्हटलं होतं.

मी मॉडेलला विचारत होते, कुणाचं शरीर किडनी नाकारतंय? आणि ते इमानेइतबारे सांगत होतं, की वाट कुणी पाहिली. गोष्टबाईंची पेशींच्या घुसमटीची गोष्टसुद्धा खरी होती. फक्त घुसमट माणसात नव्हती, नळीत होती.

दोन वर्षं, वीस हजार जनुकं, एवढी मोठी संगणकं, आणि मी काय बनवलं? थर्मॉस किती वाजता कामावर येतात हे रक्तावरून ओळखणारं घड्याळ. ते त्यांच्या वहीत होतंच. निळ्या शाईने.

मग दादा आठवला.

नऊ मिनिटं. त्याचे सहा टक्के म्हणजे माझे दोन जिने. लिफ्ट वेळेवर आली असती तर पाच आले असते. त्या दोन डॉक्टरांनी मला थांबवून गप्पा मारल्या असत्या, तर सात. दादाच्या किडनीत काय चाललं होतं, ते त्या आकड्यात कुठेच नव्हतं. आणि मी सांगितलं, गरज नाही.

क्रिएटिनिन उतरलं होतं ना पण. कशाने उतरलं? महिना होऊन गेला त्याला. आतून हळूहळू धुमसत असेल तर? खात्री करून घेते, मग सांगते. नुसत्या चित्रावरून त्याला घाबरवायचं नाही.

खरं म्हणजे घाबरलेय मी.

२४ एप्रिल, गुरुवार

थर्मॉसना म्हटलं, माझं रक्त काढा. दोन नळ्या. एक लगेच कामाला लावा, दुसरी टेबलावर राहू दे, साडेतीन तास.

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दंडाला पट्टा बांधला, सुई लागली तेही कळलं नाही. तीस वर्षांचा हात आहे. मला माहीतच नव्हतं, मी कधी बघितला कुठे?

मग आम्ही दोघं त्या दुसऱ्या नळीसमोर बसलो. त्यांनी थर्मॉस उघडला आणि झाकणात मला चहा दिला. आल्याचा, फार गोड. पाच वर्षं ज्या भांड्यावरून माणसाला नाव ठेवलं, त्यातला पहिला चहा. वही चाळायला दिली. प्रत्येक नळीची एक ओळ. कुठे लिहिलंय, “मूल रडत होतं, दोनदा टोचलं.” कुठे, “नर्स नवीन, सोडून द्या.” दादाच्या ओळीपुढे: “मॅडमनी स्वतः आणली. धावत. ९.”

मी विचारलं, “तुम्ही मला अडवलं का नाहीत?”

म्हणाले, “तुम्ही नंतर म्हणालात, मॅडम.”

यात कुठे टोमणा आहे का, ते शोधत बसले होते घरी येईपर्यंत. नव्हता. टोमणे मारणारी मीच.

२५ एप्रिल, शुक्रवार

पहिली नळी: पाच टक्के. दुसरी: एक्क्याण्णव.

माझ्या दोन्ही किडन्या जन्मापासून माझ्याच आहेत. तरी माझं शरीर त्यांतली कुठलीतरी एक्क्याण्णव टक्के नाकारतंय. साडेतीन तास टेबलावर ठेवलं म्हणून!

साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं विचार करतायत. मग म्हणाले, “पण चौऱ्याण्णव तर आलेच ना? शब्द जरा बदलून मांडता येईल.” मी म्हटलं, एक मेला हे ओपीडीत गेलं तर नकार सुरू झालेला माणूस तुम्ही बायोप्सीशिवाय घरी पाठवाल, ताजं रक्त दिलं म्हणून. ते म्हणाले, “इतकं टोकाचं बोलू नका.” तिथूनच समितीला पत्र पाठवलं, माझ्या नावाने. चूक कुणाची तेही लिहिलं. साहेबांच्या चेहऱ्याचा रंग त्यांच्या चित्रांपैकी एकासारखा झाला. बघायला मजा आली असती, एरवी.

मग किडनीवाल्या डॉक्टरांकडे. उभ्या उभ्याच सांगितलं. वाटलं होतं हसतील, आणि मला ते हवंही होतं. हसले नाहीत. पाणी दिलं. मी म्हटलं, दादाची बायोप्सी उद्याच्या उद्या करा, मी त्याला थांबवलं होतं. ते जरा घुटमळले. “भावाबद्दल तुम्ही त्यांच्याशीच बोला,” म्हणाले. डोळे चुकवून. एवढंच.

डोळे का चुकवले? उशीर झालाय का?

घरी फोन केला. वहिनी म्हणाली, “उद्या सकाळी या, वन्सं. दोघंही आहोत.” आवाजावरून काहीच कळेना. कधी तिचा आवाज नीट ऐकलाय मी?

२६ एप्रिल, शनिवार

दारातच सगळं सांगून टाकलं. नळी, जिना, वाट. दादा ऐकून घेत होता. मग त्याने वहिनीकडे बघितलं, आणि तिने कपाटातून एक फाइल आणून माझ्यासमोर ठेवली.

बायोप्सीचा अहवाल. तारीख ३ मार्च. नकार सुरू झाला होता. तीन दिवस सलाईनमधून औषध, मग भारी गोळ्या. वेळेत सापडलं म्हणून किडनी वाचली. गोल झालेलं तोंड, सारखी भूक, थरथरणारा हात, सगळं त्या औषधांचं. बहिणीकडे कुणी गेलंच नव्हतं.

“किडनी माझी होती, वन्सं,” वहिनी म्हणाली. “मला थांबवेना.”

मी दादाला विचारलं, मला का नाही सांगितलंस.

“तू हसली असतीस गं,” म्हणाला.

हसले असते.